भाडेकरूचे दार आणि मालकाची किल्ली

पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये, २७व्या आयतीत, अल्लाहने ईमानधारकांना उद्देशून एक आज्ञा दिली आहे. तिचा आशय असा की, आपल्या घरांखेरीज इतर घरांत, तेथील लोकांची अनुमती मिळाल्याशिवाय व त्यांना सलाम केल्याशिवाय प्रवेश करू नका. ही आयत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पाहुणे म्हणून कोणाकडे जाताना आपण ती पाळतोही. दाराशी थांबतो, सलाम करतो, आतून उत्तर आल्यावरच उंबरठा ओलांडतो. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. ज्या घराची घरपट्टी आपल्या नावाने येते, ज्याच्या भिंती आपल्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन उभ्या केल्या, परंतु ज्यात आज किराया देऊन दुसरे कुटुंब राहते, ते घर या आयतीच्या दृष्टीने 'आपले' आहे की 'इतरांचे'?

वाचकहो, हा प्रश्न केवळ किताबी नाही. अमरावतीत वलगाव रोड, चपराशीपुरा किंवा पठाण चौकाच्या आसपास फिरून पाहा. अकोल्यात अकोट फैल, बैदपुरा, ताजनापेठेत पाहा. खाली मालक आणि वर किरायदार, किंवा समोर मालक आणि मागच्या दोन खोल्यांत किरायदार, अशी किती तरी घरे आढळतील. अंगण एक, जिना एक, पाण्याची टाकी एक. अकोल्याचे पाणी काटेपूर्णा धरणातून येते, आणि नळ कधी येणार याकडे सारा मोहल्ला डोळे लावून असतो. अशा वेळी नळाचा कॉक किरायदाराच्या मोरीत असेल, तर मालक तेथे जाणारच. विजेचा मीटर त्याच्या दारामागे असेल, तर वाचन घ्यायलाही जाणार. पुढे पुढे काही काम नसले तरी पाय तिकडे वळतात. "सहज आलो होतो, भिंतीला ओल आली का ते पाहायला." यात कोणाला काही गैर वाटत नाही, कारण मनात एक वाक्य घट्ट बसलेले असते: घर तर माझेच आहे.

ते वाक्य माझ्याही मनात होते, म्हणून हा लेख लिहीत आहे. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक शिक्षिका आपल्या वृद्ध आईसह राहतात. गेल्या वर्षी मे महिन्यात त्या दोघी बाहेर गेल्या असताना नळ आला. त्यांच्या मोरीतील तोटी उघडी राहिली होती आणि पाणी जिन्यावरून खाली वाहू लागले. मीटरजवळची मुख्य तोटी बंद केली असती तरी काम झाले असते. मात्र मग आमचेही पाणी थांबले असते. मी जादा किल्ली घेतली, दार उघडले, तोटी बंद केली आणि एका मिनिटात बाहेर आलो. संध्याकाळी त्या परतल्यावर मी ही गोष्ट उपकार केल्याच्या सुरात सांगितली. "ठीक आहे, चाचा," एवढेच त्या बोलल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारामागे जाड पडदा लागला आणि कडीला त्यांचे स्वतःचे नवे कुलूप आले. मला राग आला. माझ्या पत्नीने मात्र शांतपणे विचारले, "त्या दिवशी आत दोरीवर त्यांचे कपडे वाळत होते ना?" होते. मी ते पाहिले होते, आणि पाहिले होते हे विसरूनही गेलो होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तेराव्या शतकातील थोर भाष्यकार काझी बैदावी (रह.) यांची तफसीर आपल्या मदरशांच्या दर्से-निज़ामीत शिकविली जाते. 'आपल्या घरांखेरीज' या शब्दांपाशी थांबून ते स्पष्ट करतात की, येथे घर म्हणजे ज्यात तुम्ही राहता ते; म्हणूनच घर भाड्याने देणारा आणि घर वापरायला उसने देणारा, हे दोघेही अनुमतीखेरीज त्यात प्रवेश करू शकत नाहीत. आपण ज्याला आजच्या काळाचा, कोर्टकचेरीचा प्रश्न समजतो, त्याचे उत्तर सातशे वर्षांपूर्वी एका ओळीत दिले गेले आहे. मालकी कोणाची, हे त्यांनी विचारलेच नाही. राहतो कोण, एवढेच पाहिले.

हा अर्थ त्यांनी स्वतःच्या मनाने लावला असे कोणी म्हणू नये. कुरआनची भाषाच तशी आहे. सूरह तलाकच्या पहिल्या आयतीत पतींना आदेश आहे की, इद्दतच्या काळात स्त्रियांना 'त्यांच्या घरांतून' बाहेर काढू नका. घर बहुधा पतीचे असते, भिंती त्याच्या, छप्पर त्याचे. तरीही आयतीत ते 'त्या स्त्रियांचे घर' आहे, कारण ती तेथे राहते. सूरह अहज़ाबमध्ये तर एकाच सूरहत प्रेषितांच्या (स.) हुजऱ्यांना एके ठिकाणी प्रेषितपत्नींची घरे म्हटले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी प्रेषितांची घरे. रहिवासाने घर आपले होते, ही गोष्ट कुरआनच्या शब्दाशब्दांत मुरलेली आहे.

फिकहच्या दृष्टीने पाहिले तरी हेच निघते. इजारा, म्हणजे भाड्याचा करार, ही एक प्रकारची विक्रीच होय. विकली जाते ती वास्तू नव्हे, तर तिची मनफअत, म्हणजे तिच्या उपयोगाचा लाभ. मालकाने अकरा महिन्यांची मनफअत विकली आणि तिची किंमत घेतली. आता त्या अकरा महिन्यांत त्या खोलीत केव्हाही शिरण्याचा लाभ त्याच्यापाशी उरला कोठे? धान्याचे पोते विकून पैसे घेतल्यावर रोज त्यातून मूठभर काढून नेणाऱ्याला आपण काय म्हणू?

परंतु हे सारे हक्काचे गणित झाले. आज्ञेमागचा खरा गाभा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उलगडून दाखविला आहे. एका माणसाने प्रेषितांच्या हुजऱ्यात फटीतून डोकावून पाहिले. प्रेषितांच्या हाती त्या वेळी केस विंचरण्याची कंगव्यासारखी एक वस्तू होती. त्यांनी त्या माणसाला अत्यंत कठोर शब्दांत खडसावले आणि जे सांगितले त्याचा भाव असा की, अनुमतीचा नियम मुळी नजरेसाठीच ठेवला आहे. सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. स्वतः प्रेषित (स.) कोणाच्या दारी गेले, तर दाराच्या समोर उभे न राहता उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहत, कारण त्या काळी दारांना पडदे नसत. तेव्हा मी 'फक्त एका मिनिटासाठी' आत गेलो होतो, या सबबीला काय किंमत उरते? नजरेला मिनिटही लागत नाही.

सूरह नूरच्याच ५८व्या आयतीत घरातील अजाण मुलांनी व सेवकांनीसुद्धा तीन वेळा अनुमती घ्यावी असे सांगितले आहे: फज्रच्या नमाजपूर्वी, इशाच्या नमाजनंतर आणि दुपारी, जेव्हा माणसे अंगावरचे कपडे उतरवून विसावतात. ही तिसरी वेळ समजण्यासाठी वऱ्हाडच्या माणसाला कोणत्याही टीकाग्रंथाची गरज नाही. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कूलरसमोर, ओल्या फरशीवर, घरातील बायामाणसे ओढणी बाजूला ठेवून पडलेली असतात. माझे बालपण अकोल्यात अशाच किरायाच्या दोन खोल्यांत गेले. मालक मनाने चांगले गृहस्थ होते. ईदला आम्हा मुलांना ते न चुकता ईदी देत. पण दुपारी टाकी पाहायला ते केव्हाही येत, आणि जिन्यावर चपलांचा आवाज झाला की माझी आई दचकून उठून बसे. तिने कधी तक्रार केली नाही. ओढणी मात्र उशाशी नव्हे, हातात धरून झोपायची. स्वतःच्या पोटच्या मुलांना ज्या वेळी न विचारता आत येण्याची मनाई आहे, त्या वेळी मालकाला ती मोकळीक कोणी दिली?

आता देशाचा कायदा काय सांगतो, तेही पाहावे. कारण करार पाळणे व ज्या कायद्याखाली आपण राहतो त्याची जाण ठेवणे, हेही आपले कर्तव्यच आहे. आपल्या विदर्भात पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९चा भाडेनियंत्रण आदेश लागू होता. रेंट कंट्रोलरची परवानगी मिळाल्याशिवाय किरायदाराला घर सोडण्याची नोटीस देता येत नसे, हे जुन्या लोकांना आठवत असेल. ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याच्या २८व्या कलमात मालकाला भाड्याने दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे; परंतु दोन अटींवर. वेळ वाजवी असली पाहिजे, आणि राहणाऱ्याला आगाऊ सूचना दिली पाहिजे. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेलाही हेच कलम लागू पडते. त्यामुळे "आमचा तर अकरा महिन्यांचा करार आहे, भाडेकरार नव्हे" ही पळवाट चालत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांसाठी नमुना म्हणून जो आदर्श भाडेकरू कायदा तयार केला, त्यात ही सूचना किमान २४ तास आधी द्यावी असे म्हटले आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२९व्या कलमात अतिक्रमणाचा गुन्हा ठरतो तो दुसऱ्याच्या 'ताब्यातील' मालमत्तेत शिरण्याने. धाक घालण्याच्या, अपमान करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने जो शिरला, तो सातबाऱ्यावर किंवा नगर भूमापनाच्या उताऱ्यावर आपले नाव दाखवून सुटत नाही.

येथे कायदा आणि शरीअत यांतील एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. कायदा सूचना मागतो. कुरआन अनुमती मागतो. सूचना ही एकतर्फी असते. मी येणार आहे, हे मी कळविले आणि माझे काम संपले. अनुमती दोघांत घडते. कोणी म्हणेल, करारातच लिहून ठेवले की दर तीन महिन्यांनी मालक पाहणी करील, तर वेगळ्या अनुमतीची गरज काय? करार अवश्य करावा. मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात, असा आशय असलेली हदीस आहे, आणि किरायदाराने मान्य केलेली पाहणी नंतर टाळत राहणे योग्य नव्हे. तरीही करार फक्त एवढे ठरवितो की पाहणी होईल. आत्ता, या क्षणी, या दाराआड कोण कोणत्या अवस्थेत आहे, हे करारात लिहिलेले नसते. ते फक्त आतला माणूसच सांगू शकतो. म्हणून सूचना देऊन, ठरल्या वेळी आलेल्या मालकानेही दाराबाहेर थांबून सलाम करायचाच आहे.

आणि उत्तर 'नाही' आले तर? येथे २८वी आयत येते, जी आपण २७वीच्या मानाने फारच कमी वाचतो. तुम्हाला परत जा असे सांगितले गेले, तर परत जा. तेच तुमच्यासाठी अधिक निर्मळ आहे, असा तिचा आशय. ह. अबू मूसा अशअरी (र.) हे ह. उमर (र.) यांच्या दारी गेले, तीनदा अनुमती मागितली, उत्तर न आल्याने परत फिरले. ह. उमर (र.) कामात होते. त्यांनी नंतर विचारले, परत का गेलात? अबू मूसांनी प्रेषितांचे वचन सांगितले, की तीनदा विचारून अनुमती न मिळाल्यास परतावे. त्यावर साक्षीदार मागितला गेला आणि ह. अबू सईद खुदरी (र.) यांनी साक्ष दिली. या प्रसंगात कोणाचा मान दुखावला गेल्याचे दिसत नाही. इब्ने कसीर (रह.) यांनी तर एका मुहाजिर सहाबींची इच्छा नोंदविली आहे: आयुष्यभर मी वाट पाहिली की कोणी तरी मला दारातून परत जा म्हणावे, म्हणजे या आयतीवर अमल करून आनंदाने परतता येईल, परंतु तो योग आलाच नाही.

प्रिय वाचकहो, मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते याच आयतीने. परत जा असे कोणी म्हणू शकत असेल, तरच त्याच्या 'या' म्हणण्याला अर्थ आहे. आता आपल्या किरायदाराच्या जागी उभे राहून पाहा. त्याची अनामत रक्कम तुमच्याकडे आहे. त्याच्या मुलांची शाळा याच मोहल्ल्यात आहे. तुम्ही दाराशी येऊन "आत येऊ का?" असे अगदी अदबीने विचारले, तरी तो काय उत्तर देणार? "या ना, तुमचेच घर आहे." या शब्दांना आपण अनुमती समजतो, कित्येकदा ती निव्वळ भीती असते. आपल्यातील अनेकांना हा अनुभव उलट बाजूनेही आहे. ज्यांना नाव ऐकून शहरातील चार ठिकाणी खोली नाकारली गेली, त्यांना पाचव्या ठिकाणी मिळालेल्या खोलीत मालक केव्हाही आला तरी तोंड उघडवत नाही. तो सल ज्याने भोगला आहे, त्याने आपल्या घरी मेळघाटातून शिकायला आलेल्या कोरकू विद्यार्थ्याला किंवा कृषी विद्यापीठात येणाऱ्या परगावच्या मुलीला तसेच वागवावे काय? आयतीत 'घरातील लोक' असा शब्द आहे. त्यांचा धर्म विचारलेला नाही.

म्हणून मालकाचे काम नुसते विचारून भागत नाही. नाही म्हटल्याने काही बिघडणार नाही, हे समोरच्याला अनुभवाने पटले पाहिजे. आदल्या दिवशी फोन करून "उद्या सोयीचे नसेल तर परवा येतो" म्हणावे, आणि परवा म्हटले तर खरोखर परवाच जावे. घरात एकट्या स्त्रिया असतील, तर पुरुषाने जाऊ नये. घरच्या बाईने जावे किंवा त्यांचे कोणी पुरुष मंडळी येईपर्यंत थांबावे. नकार मिळाला म्हणून पुढच्या महिन्यात किराया वाढविणे, पाणी किंवा वीज अडविणे, हा तर उघड जुलूम आहे, आणि १९९९च्या कायद्याच्या २९व्या कलमाने योग्य कारणाशिवाय आवश्यक सोयी तोडण्यास मनाईही केली आहे. जाता जाता एक सांगतो: भाडेकरार लेखी करून नोंदविणे याच कायद्याच्या ५५व्या कलमाने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "आपण मुसलमान, आपल्यात जबान पुरे" असे म्हणणाऱ्यांनी सूरह बकरहची २८२वी आयत, जिच्यात देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, पुन्हा वाचावी.

एक शंका हमखास निघते. आत काही वावगे चालले असेल तर? अखलाकच्या ग्रंथांत ह. उमर (र.) यांची एक कथा सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून संशयास्पद आवाज आला, तेव्हा ते भिंत चढून आत उतरले. घरातील माणूस म्हणाला, मी एक चूक केली असेल, पण आपण तीन केल्या: अल्लाहने टेहळणीस मनाई केली आहे, आपण टेहळणी केली, घरात दारातून या म्हटले आहे, आपण भिंतीवरून आलात, अनुमती घ्या म्हटले आहे, आपण घेतली नाही. आणि खलीफांनी ते मान्य केले. ज्यांच्यावर साऱ्या राज्याची जबाबदारी होती त्यांना संशयावरून शिरता येत नसेल, तर दोन खोल्यांच्या मालकाला कसे येईल? घराची नासधूस होत असेल, परस्पर दुसऱ्याला खोली दिली असेल, तर न्यायालयात जाण्याचा मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे.

आग लागली, चोर शिरला, गॅस गळू लागला किंवा आतून कोणी मदतीसाठी ओरडले, तर अनुमतीसाठी थांबायचे नाही, हे भाष्यकारांनीही लिहून ठेवले आहे. प्रश्न असा की, आपण निकड कशाला म्हणतो. माझे वाहते पाणी निकड नव्हते. मुख्य तोटी हाताशी होती. आमचा नळ अर्धा तास बंद राहिला असता, एवढीच काय ती किंमत.

किरायदाराचीही जबाबदारी आहे. वास्तू त्याच्या हाती अमानत आहे. गळती लपविणे, दुरुस्तीसाठी आलेल्या गवंड्याला आठवडाभर फिरविणे, हेही बरे नव्हे. पण दाराच्या बाबतीत दोघांचे पारडे समान नाही, म्हणून हा लेख मालकांसाठी आहे.

राग ओसरल्यावर मी शिक्षिकाबाईंकडे गेलो. पत्नीला सोबत घेतले आणि जिन्यातच उभा राहिलो. माफी मागितली. त्यांच्या आईने आत बोलावले. मी म्हटले, आज नको. या उन्हाळ्याआधी प्लंबर लावून वरच्या मजल्याची तोटी आणि मीटर दोन्ही जिन्याच्या बाहेरच्या भिंतीवर घेतले. जादा किल्ली परत देऊ केली, तेव्हा त्या म्हणाल्या की आई एकटी असते, एक किल्ली खाली असलेली बरी. त्यांच्या नव्या कुलपाची किल्ली त्यांनी पाकिटात घालून चिकटविली आणि जोडावर आडवी सही केली. ते पाकीट आमच्या कपाटात आहे.